नलवडे सुभेदारांची भिंत

जयपूरला येऊन मला आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात मराठीतून माझा कोणी अपमान केला नव्हता. ती उणीव सुभेदार नलवड्यांनी पहिल्या पाच मिनिटांत भरून काढली.

मी तेव्हा जवाहर नगरात भाड्याने राहायचो. आठवडाभर कंपनीत स्क्रीनसमोर बसायचं आणि शनिवार-रविवार वाळूत गाडी घालायची, अशी हौस नुकतीच लागली होती. त्यासाठी एक जुना फोर-बाय-फोर पिकअप ट्रक घेतला होता. तो उंच दिसावा म्हणून इंटरनेटवर बघून मी स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घातले आणि पाट्याचं टोक ज्याला लटकतं ते शॅकलही लांब करून घेतले. ट्रक उंच झाला, देखणा झाला आणि साठच्या पुढे गेला की रस्ताभर भटकायला लागला. ऑफिसातला एकजण म्हणाला, टोंक रोडला चाकसूच्या अलीकडे एक रिटायर्ड फौजी आहे, तुमच्याच मुलखातला. काम फार चांगलं करतो, पण त्याचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं.

पत्र्याची लांबलचक शेड, मागे कोरडा नाला, नाल्यात गुडघाभर वाळू. सत्तरीला टेकलेला एक काटकुळा माणूस कडक इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी घालून उभा होता. कमरेला दोरीने बांधलेली एक छोटी पितळी हातोडी. त्यांनी ट्रकभोवती एक चक्कर मारली, मागच्या बंपरवर पाय देऊन दोनदा उड्या मारल्या आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कुनी केलं ह्ये?"

"मीच. म्हणजे मी करून घेतलं."

"आई-बाप हायती?"

"आहेत."

"त्यास्नी काय सांगून निघालायस? मरायला चाललोय म्हनून?"

मग त्यांनी गाव विचारलं. नाशिक म्हटल्यावर "तरीच" एवढंच म्हणाले. त्यात नाशिकचा काय दोष होता ते मला आजवर कळलेलं नाही, पण त्या दिवसापासून माझं नाव नाशिककर पडलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी माझे ते लांब शॅकल काढले, पत्र्याच्या एका तुकड्यावर पांढऱ्या रंगाने माझं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि दोन्ही वस्तू शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगल्या.

ती भिंत म्हणजे नलवड्यांचा देव्हारा. मोडलेले पाटे, वाकलेले पाइप, तुटलेले यू-बोल्ट, फाटलेले शॉकअप, सगळं ओळीने टांगलेलं आणि प्रत्येकाखाली पाटी. पाटीवर गाडीचं नाव नसायचं, चूक ज्याची त्याचं असायचं. कधी मालक, कधी फिटर. लोक आपापल्या गाड्या न्यायला यायचे तेव्हा नलवडे त्यांना भिंतीसमोरून चालवत न्यायचे आणि एकेका नावावर थांबून त्या माणसाच्या अकलेचं वर्णन करायचे. मला स्वतःचं नाव सोडून बाकी सगळी वर्णनं आवडायची.

"त्वांड खोटं बोलतंय," ते म्हणायचे, "ही भिंत न्हाई बोलत."

फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. शेवटची नेमणूक जयपूरची. बायको इथेच गेली, मुलगी पुण्याला दिली आणि हे माण तालुक्यातलं आपलं बोलणं आणि हातोडी घेऊन इथेच राहिले. मुलीचा फोन आला की स्पीकरवर ठेवायचे, हात ग्रीसचे असायचे. "बाबा, कसे आहात?" "जित्ता हाय. ठेव." एवढंच संभाषण मी किमान वीस वेळा ऐकलं आहे.

गिऱ्हाइकाला लोळवण्यात त्यांना आनंद व्हायचा, हे मी लपवणार नाही. शहरातल्या एका जवाहिऱ्याचा मुलगा एकदा जीप घेऊन आला. कोणाकडून तरी स्टीलचा चकचकीत रोल केज करून आणला होता. आत पिवळे दिवे. गाडी उलटली तर माणसं चिरडू नयेत म्हणून असतो तो हा पाइपांचा पिंजरा. नलवड्यांनी हातोडीने एक टकोरा दिला, कान लावला आणि विचारलं, "इसपे कपड़े सुखाते हो क्या?" मुलगा हसला. तो हसत असतानाच त्यांनी ग्राइंडर घेतला आणि पिंजऱ्याचा मधला दांडा कापून काढला. मुलगा किंचाळला. नलवड्यांनी तो दांडा दोन्ही हातांत धरून गुडघ्यावर वाकवला आणि पाटी लिहायला बसले. तो मुलगा बिचारा आपल्या नावाचं स्पेलिंग सांगत उभा राहिला. मी आठवडाभर ऑफिसात ती गोष्ट रंगवून सांगत होतो.

मला मात्र त्यांनी शिकवलं, आपल्या पद्धतीने. एक अख्खा रविवार मला माझ्याच ट्रकखाली झोपवलं आणि वरून गाडी हलवत राहिले. "आवाज कुठनं येतोय?" पुढचा बुश म्हटलं तर "परत." शॉकअपचा बोल्ट म्हटलं तर "परत." दुपारी तीनला मी उजव्या मागच्या पाट्याचा मधला बोल्ट सैल आहे असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उठ. आता तुला गाडी चालवायचा हक्क हाय." अंगभर माती, तोंडात ग्रीस, आणि मला पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं होतं. त्यांच्याकडे लोक पुन्हा पुन्हा का जायचे, ते मला तेव्हा कळलं.

आता रामेश्वरबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय नलवडे पुरे होत नाहीत.

रामेश्वर त्यांचा वेल्डर. पन्नाशीचा, चाकसूकडच्या एका खेड्यातून सायकलने यायचा. बावीस वर्षं तो नलवड्यांकडे होता. बोलायचा जवळजवळ नाहीच. त्याने मारलेली जोड शिवणयंत्रावरच्या टिपेसारखी सरळ आणि एकसारखी असायची. कामाची वाटणी ठरलेली होती. पाइप कापणं, वाकवणं, जोडणं रामेश्वरचं. पिंजरा केबिनच्या तळाला जिथं बसतो त्या सहा बैठका नलवड्यांच्या, त्यांना दुसऱ्याने हात लावायचा नाही. "तळाचा पत्रा म्हंजे पापड," ते समजावून सांगायचे. म्हणून प्रत्येक बैठकीखाली, पत्र्याच्या खालच्या अंगाला, तळहाताएवढी जाड प्लेट घालायची आणि बोल्टने आवळायची. प्लेट नसली तर गाडी उलटल्यावर पाइप पत्रा फोडून खाली जातो आणि छप्पर डोक्यावर येतं.

आणि एक नियम होता. नवा पिंजरा झाला की गाडी मागच्या नाल्यात न्यायची, वाळूच्या चढावर आडवी उभी करायची आणि दुसऱ्या गाडीच्या विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चरख्याच्या, दोराने ओढून मुद्दाम उलटवायची. आत पट्टे आवळून, हेल्मेट घालून बसायचं ते ज्याने पिंजरा जोडला त्याने. "ज्यानं जोडलं त्यानं बसायचं. मग जोड आपोआप चांगली येती." मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चार पावलं मागे सरलो. रामेश्वर मात्र चपला काढून, पिंजऱ्याला हात लावून, तो हात कपाळाला लावून शांतपणे आत बसला. ट्रक कुशीवर गेला, मग छपरावर, वाळूचा लोट उठला. रामेश्वर खिडकीतून बाहेर आला. नलवडे शाबास म्हणाले नाहीत, "अगली गाड़ी लगा" म्हणाले. पण त्या दिवशी रामेश्वर सायकल हातात धरून चालत गेला, गावातल्या चार माणसांनी बघावं अशा चालीने. बावीस वर्षांत त्या जागेवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. तेवढा एकच मान त्याला त्या शेडमध्ये होता.

माझ्या ट्रकला पिंजरा बसवायचं काम शेवटच्या टप्प्यात होतं, तेव्हाची ही गोष्ट. पाटे नवे झाले होते, शॉकअप नवे होते, सगळं जोडून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटवायचं ठरलं होतं. रविवारची दुपार. नलवडे ट्रकखाली पाठीवर झोपून बैठका आवळत होते आणि मी बाजूला स्टुलावर बसून त्यांना एकेक प्लेट देत होतो. चौथी सोडून बाकीच्या पाच झाल्या. चौथ्या बैठकीचे बोल्ट त्यांनी वरून घालून ठेवले होते, प्लेट घालून नट आवळायचे राहिले होते. चौथी प्लेट माझ्या हातात होती.

खालून त्यांना रामेश्वरचे पाय आणि हात दिसत होते. त्याच्या हातून वेल्डिंगची कांडी पडली होती आणि तो ती जमिनीवर चाचपत होता. कांडी त्याच्या अंगठ्याला जवळजवळ टेकलेली होती. तरी त्याचा हात दुसरीकडेच फिरत होता.

नलवडे सरपटत बाहेर आले. रामेश्वरच्या तोंडासमोर मूठ धरली. "कितनी उँगलियाँ?"

रामेश्वरने डोळे बारीक केले. "तीन, उस्ताद."

मी हसलो. हे लिहायला नको वाटतं, पण मी मोठ्याने हसलो. शेडमधले दोन फिटरही हसले. नलवड्यांनी मूठ तशीच ठेवून पुन्हा विचारलं, "अब?" रामेश्वर म्हणाला, "दो." असं चार वेळा चाललं. मी पाणी प्यायला मटक्यापाशी गेलो, तिथूनही ती गंमत दिसत होती.

मग रामेश्वरने सांगितलं. वर्षभरापूर्वी डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. कडेचं सगळं गेलं होतं, समोरचं धुकं उरलं होतं, आणि गेलेली नजर आता परत येणार नव्हती. "पर हाथ देख लेता है, उस्ताद. मैं उँगली फेर के जोड़ लगाता हूँ."

"साल भर से एक अंधा मेरी गाड़ियाँ जोड़ रहा है!" नलवडे शेड दणाणेल असे ओरडले. मग हातोडी सोडवून त्यांनी माझ्या ट्रकची एकेक जोड वाजवली. कान लावून, डोळे मिटून. त्यात वीस मिनिटं गेली. एकही जोड बद्द वाजली नाही. हातोडी पुन्हा कमरेला बांधत ते म्हणाले, "जोड़ सब पक्के हैं. कल से मत आना."

रामेश्वर खाली बसला. त्याने नोकरीबद्दल एक शब्द काढला नाही. तो म्हणाला, "कल पलटी है उस्ताद. उसमें तो बैठने दो. मेरा जोड़ा हुआ है."

"जो देखता है वो बैठता है."

"बाईस साल बैठा हूँ."

"बाईस साल देखता था."

त्याने नलवड्यांचे पाय धरले. उलट्या ट्रकमध्ये लटकायला मिळावं म्हणून एक पन्नाशीचा माणूस रडत होता, आणि नलवडे पाय सोडवून घेऊन तणतणत पुन्हा ट्रकखाली गेले. नट आवळल्याचा खडखडाट झाला. "झालं," खालून आवाज आला, "उद्या मी बसतो."

सकाळी रामेश्वर आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. नलवड्यांनी पट्टे आवळले, हेल्मेट घातलं आणि खिडकीतून ओरडले, "देख ले रामेश्वर!" मग थांबून म्हणाले, "अरे हाँ. तू सुन ले." फिटर हसले. एकाने विंच चालू केला.

ट्रक कुशीवर गेला. छपरावर जाताना जो आवाज झाला तो मला फक्त आवाज वाटला. रामेश्वरला कळलं. ट्रक स्थिर व्हायच्या आत तो "उस्ताद!" म्हणून धावत सुटला, वाळूत दोनदा पडला, उठला, आणि आमच्या आधी तिथं पोचला. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यात छप्पर खाली आलं होतं. आम्ही नलवड्यांना बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीत होते. रामेश्वर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन एकच विचारत होता, "कौन-सा जोड़, उस्ताद? कौन-सा खुला?"

नलवड्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तेरा," ते म्हणाले.

पाठीचा कणा मोडला होता. कमरेखालचं गेलं ते गेलंच.

आठवड्याने मी ट्रक बघायला शेडवर गेलो. जोड एकूण एक शाबूत होती. आंधळ्याने बोटाने मारलेली एकही टीप उसवली नव्हती. चौथ्या बैठकीपाशी पाइप तळाचा पत्रा फोडून खाली घुसला होता. खाली प्लेट नव्हती. बोल्ट पत्र्यासकट ओरबाडून निघाले होते. मी उठलो, पाणी प्यायला मटक्यापाशी गेलो. झाकणावर चौथी प्लेट होती, मी ठेवली होती तिथेच, धुळीचा थर घेऊन.

ती खिशात घालून मी दवाखान्यात गेलो. पुण्याची मुलगी बाहेर डॉक्टरांशी बोलत होती, बाबांना घेऊन जाते म्हणत होती. मी प्लेट नलवड्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली.

"म्हाइतेय," ते म्हणाले. "उलटताना तळातनंच आवाज आला. तवाच कळलं."

"मग तुम्ही त्याला 'तेरा' का म्हणालात?"

"बाहीर बघ."

दाराच्या काचेतून रामेश्वर दिसत होता. फरशीवर भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर जेवणाचा डबा. सात दिवस तो घरी गेला नव्हता, असं नर्सने मला सांगितलं होतं. सुभेदारांचं सगळं तोच करत होता, उचलणं, पुसणं, भरवणं.

"पोरीकडं गेलो तर जावयाच्या घरात खाटंवर पडायचं. ती चार म्हयने करंल, मग बाई ठेवंल. ह्यो मरंस्तवर करंल." ते छताकडे बघत बोलत होते. "खरं सांगितलं तर कशाला यील?"

मला त्यांचा संताप आला. हा माणूस राक्षस आहे, असं मला त्या क्षणी स्वच्छ वाटलं. "मी सांगतो त्याला," मी म्हणालो.

त्यांनी प्लेट माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. "सांग. पर ही कुनाच्या हातात हुती, ते बी सांग. मी भिंतीवर दोन पाट्या लावतो. तुझं नाव मला पाठ हाय."

मी काही सांगितलं नाही.

शेड बंद पडली, सुभेदार आणि रामेश्वर तिथंच राहू लागले. फिटर दुसरीकडे लागले. मुलगी दोनदा न्यायला आली आणि दोनदा रडत परत गेली. मी दिवाळीला, कधी मधल्या रविवारी जात राहिलो, आणि हळूहळू तेही कमी केलं. माझा ट्रक मी शेडवरूनच भंगारात दिला. वाळूत गाडी घालायची हौस संपली होती.

दोन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. नलवडे शेडमध्ये चाकांच्या खुर्चीत बसले होते. अर्धी चड्डी तशीच कडक इस्त्रीची. इस्त्रीही आता रामेश्वर करत असणार, हाताने चाचपून. त्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तो दोरीला धरून मटक्यापर्यंत जायचा, दोरीला धरून चुलीपर्यंत. मी असताना त्याने भाकरीचा तुकडा कुस्करून दुधात भिजवला आणि सुभेदारांच्या तोंडापर्यंत अचूक नेला.

"गरम है," नलवडे म्हणाले. "आँख तो गई, हाथ भी जल गया क्या?"

रामेश्वरने फुंकर घातली. मग ओला फडका घेऊन तो दोरी धरत मागच्या भिंतीकडे गेला. शेवटच्या खिळ्याला माझ्या ट्रकच्या पिंजऱ्याचा चौथा खांब टांगला होता, टोकाला फाटका पत्रा अजून तसाच लटकलेला. खाली पाटी होती. खुर्चीत बसून लिहिल्यामुळे अक्षरं किंचित तिरकी आली होती, पण वाचता येत होती. 'सुभेदार नलवडे.' तोंडाने जे बोलले ते त्यांना भिंतीवर लिहिता आलं नव्हतं.

रामेश्वर ती पाटी पुसत होता. कडेपासून कडेपर्यंत, सावकाश, अक्षरावरचा रंग जाणार नाही इतक्या हलक्या हाताने.

"रोज पुसतोय," नलवडे मला मराठीत म्हणाले. "मी त्याला सांगितलंय, तुजंच नाव हाय म्हनून."

रामेश्वर माझ्या आवाजाच्या दिशेने वळला. "साब, आप पढ़े-लिखे हो. मेरा नाम साफ दिखता है ना? धूल में दब गया तो लोग समझेंगे उस्ताद की गलती थी."

नलवडे माझ्याकडे बघत होते. हात कमरेच्या हातोडीवर. शेजारच्या टेबलावर पत्र्याचा एक कोरा तुकडा आणि पांढऱ्या रंगाचा डबा होता.

"हाँ रामेश्वरजी," मी म्हणालो. "बिलकुल साफ दिखता है."

त्याने मान हलवली, फडका खांद्यावर टाकला आणि दोरी धरून उरलेली भाकरी भरवायला परत गेला.